साळवे बाईंची परकी घरं

साळवे बाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा हॉलमध्ये टेकल्यासुद्धा नाहीत. दारात चपला काढल्या, माझ्या बायकोला, सुनंदाला, "कशा आहात वहिनी?" असं विचारलं आणि तिच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मी सोफ्यावरची उशी सरळ करून त्यांची वाट बघत बसलो. आतून त्यांचा आवाज आला, "मिठाची बरणी डाव्या हाताला? तुमच्या सासूबाई डावखुऱ्या व्हत्या का हो?"

माझी आई खरंच डावखुरी होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सुनंदा इतकी वर्षं उजव्या हातानं डावीकडची बरणी उचलत होती. ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नव्हतं. बाई बाहेर आल्या तेव्हा एखादं कोडं सुटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. चहा मात्र त्यांनी उभ्यानंच घेतला, कारण त्यांना आमची गॅलरी बघायची होती.

गारखेड्यातल्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आजकाल सगळ्या शाळांमध्ये 'मॅडम' असतात, पण साळवे बाईंना कुणी मॅडम म्हटलं की त्या मागं वळून बघायच्या, दुसरी कुणी आली की काय म्हणून. शेवटी मुलांनी तो नाद सोडला. वर्गात त्या धड्याच्या बाहेर कधी जातील याचा नेम नसे. "नॉर्वेत मासे धरतात हे पुस्तकात दिलंय. पण ते मासे घरात निवडतं कोण? बाई का बाप्या? हे कुठं दिलंय?" असं विचारून त्या वर्गभर बघत राहायच्या, जणू एखाद्या पोराचा मामा नॉर्वेला आहे आणि तो हात वर करणार आहे. मुलं हसायची. बाई मात्र खरोखर उत्तराची वाट बघत असायच्या.

हे कुतूहल त्यांना कुठून लागलं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी लगेच सांगितलं, आडपडदा ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या. वडील गवंडीकाम करायचे, आणि घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून सगळी भावंडं शिकली. "सर, गावातली निम्मी घरं माझ्या बापानं बांधलेली," त्या म्हणाल्या. "भिंती आमच्याच हातच्या. पण घर बांधून झालं, वास्तू झाली, की आम्ही वट्ट्यापाशीच. आत चूल कुठं मांडली, उतरंड कुठं ठेवली, काय म्हणता काय दिसायचं नाय. मला लई वाटायचं हो, एकदा आत जाऊन बघावं." हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मी पेपरांचा गठ्ठा उगाच इकडचा तिकडं केला.

तर अशा बाईंच्या हाती ती परदेशी शिष्यवृत्ती लागली. म्हणजे शाळेत एक परिपत्रक आलं होतं. नववी-दहावीच्या मुलांनी परदेशात वर्षभर राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि हॉस्टेलमध्ये नाही तर तिथल्याच एखाद्या कुटुंबात मुलासारखं राहायचं. सगळा खर्च ती संस्था करणार. आमच्या मुख्याध्यापकांनी ते वाचून "आपल्याकडं कोण जातंय?" म्हणत बाजूला सरकवलं. बाईंनी 'कुटुंबात राहायचं' एवढेच शब्द वाचले आणि कागद पर्समध्ये टाकला.

पहिल्याच वर्षी आमच्या शाळेतला निनाद निवडला गेला. हुशार, चुणचुणीत, इंग्रजी असं फर्डं की ऐकणाऱ्यानं खुर्चीत सावरून बसावं. शाळेनं फाटकावर फ्लेक्स लावला, नगरसेवक हार घालून गेले. फ्लेक्सचा रंग उडायच्या आत निनाद परत आला. गाल बसलेले, पँट कमरेवरून घसरणारी. त्याचे आईवडील संतापले होते. पोराचे हाल केले, उपाशी ठेवलं, असली कसली माणसं, म्हणून ते संस्थेला दूषणं देत होते. शाळेत सगळ्यांनी मान डोलावली. तिकडच्या लोकांना पाहुणचार कसा तो माहीत नाही, असं एकमत झालं.

बाईंनी मान डोलावली नाही. त्या निनादच्या घरी गेल्या, मलाही सोबत नेलं. त्याच्या आईच्या हातचा शिरा खात खात विचारपूस सुरू केली.

"त्या काकू सकाळी काय द्यायच्या?"

"द्यायच्या ना. टेबलावर सगळं असायचं. त्या विचारायच्या, हवं का?"

"मग?"

"मी नको म्हणायचो."

"कामून? भूक नव्हती?"

"होती ना. पण एकदम हो कसं म्हणायचं?" निनाद गोंधळून म्हणाला. "मला वाटलं परत विचारतील."

"मग?"

"मग त्या उचलून फ्रिजमध्ये ठेवायच्या."

"आणि फ्रिज?"

"दुसऱ्याच्या घरचा फ्रिज कसा उघडायचा, बाई?"

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. आधी मला वाटलं हसतायत. हसतच होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. गरिबाचं पोर वाकून वाकून 'नको' म्हणत होतं, आणि ती भली बाई त्याच्या शब्दाचा मान राखून ताट उचलत होती. दोघंही आपापल्या परीनं अगदी सभ्य वागत होते, आणि त्यात पोरगं उपाशी मरत होतं.

परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या, "सर, आपण पोरांना इंग्रजी शिकवलं. दुसऱ्याच्या घरात राहायला कुणी शिकवलं?"

तिथून पुढं त्यांनी जी पद्धत सुरू केली तिला आम्ही स्टाफरूममध्ये 'साळवे बाईंची तालीम' म्हणायचो. ज्याला परदेशी जायचंय त्यानं आधी याच जिल्ह्यातल्या एका परक्या घरी सुट्टीत राहून यायचं. नात्यातलं घर चालणार नाही, जातीतलं चालणार नाही, सवयीचं तर नाहीच नाही. फ्लॅटमधल्या पोराला देवगावला बाईंच्या भावाकडं, मळ्यातल्या पोरीला कांदा-लसूण न खाणाऱ्या जैनांच्या घरी. अट एकच, 'आमच्याकडं असं नसतं' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आणि यजमानांना सक्त ताकीद की पोरगं नको म्हणालं की ताट उचलायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मुलगा परत आला की बाई त्याला निबंध लिहायला लावत नसत. समोर बसवून विचारायच्या, त्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? भांडण झालं तर आधी कोण बोलतं? पाहुणा आला की टीव्ही बंद करतात का आवाज नुसता कमी करतात? ज्याला सांगता आलं नाही, तो पुन्हा जायचा. आमच्याकडंही दोन मुलं राहून गेली. त्यातल्या एकानं बाईंना जाऊन सांगितलं की सर बायकोशी भांडले की जोरजोरात वर्तमानपत्र वाचतात. हे मला बाईंनीच हसत हसत ऐकवलं.

या तालमीचा त्रास खरा झाला तो आम्हा सहकाऱ्यांना. बाईंनी स्वतःलाही तोच नियम लावून घेतला. संक्रांतीला त्यांनी तिळाच्या पोळ्यांचा डबा उघडून माझ्यापुढं धरला. मी रीतीप्रमाणं "नको नको" म्हटलं, आणि डबा पुढच्या टेबलावर गेला. तिळाच्या पोळ्या, तुपात माखलेल्या! मी चष्मा पुसत डब्याकडं बघत राहिलो. नवीन लागलेल्या शिक्षिकांना वाटायचं बाई कंजूष आहेत. जुने लोक शहाणे झाले आणि बाईंनी डबा उघडायच्या आधीच हात पुढं करू लागले.

मुलं मात्र टिकू लागली. एक पोरगी जर्मनीला राहून आली, एक जपानला. फ्लेक्स आता पुरं वर्षभर टिकायचा.

मग सना आली. बाईंची खरी परीक्षा या मुलीनं घेतली.

सना दहावीत होती. शांत म्हणजे किती शांत, तर वर्गात पेनातली शाई संपली तरी शेजारणीकडं पेन मागायची नाही, तास संपेपर्यंत नुसती ऐकत बसायची. पण लिहायला लागली की थांबायची नाही. तिचे वडील रफिकभाई. लासूर स्टेशनला त्यांचा बारदान्याचा धंदा, म्हणजे आडत बाजारात धान्य भरायला लागणारी पोती, जुनी शिवून नवी करून विकायची. राहायला इथंच शहरात, म्हणून रोज सकाळच्या गाडीनं लासूरला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. गाडीचा पास खिशात, डबा हातात. पोरीचं नाव संस्थेच्या पहिल्या यादीत आलं तेव्हा ते शाळेत आले. मला वाटलं आता पोरीची जात, परका मुलूख, लोक काय म्हणतील, हेच ऐकायला मिळणार. मी मनातल्या मनात उत्तरंही तयार केली होती.

रफिकभाई खुर्चीच्या कडेला बसले. "बाई, बात वैसी नाय," ते म्हणाले. "लोकांचं मी बघून घेतो. तिची दादी तर खूश आहे, म्हणते जाऊ दे. पण पोरगी मागत नाय हो. आपल्याच घरात मागत नाय. ईदीलाबी हात पुढं करत नाय, द्यावं लागतं. लहान व्हती तवा ताप आला, तर सकाळी अंगाला हात लावला तवा आम्हाला कळलं. बोलली नाय रातभर. ती तिथं काय करल? कुणाला सांगल?"

माझी तयार उत्तरं तशीच राहिली. कारण तो माणूस खरं बोलत होता, आणि निनाद आम्ही दोघांनीही पाहिला होता.

बाईंनी त्यांची समजूत घातली नाही. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "रफिकभाई, तुम्ही मागता का?"

"मी? मला काय मागायचंय?"

"नाय, कुणाच्या घरी गेलात, भूक लागली, तर मागता?"

"तौबा! मागल कसं माणूस?"

"मग पोरगी कुणावर गेलीय?"

रफिकभाई हसले, पण कसनुसं. बाई म्हणाल्या, "तिला नका पाठवू. आधी तुम्ही राहून या. माझ्या भावाकडं, देवगावला. तुमचं तिकडं येणंजाणं आहेच."

येणंजाणं होतंच. रफिकभाई महिन्यातून एकदोनदा जुनी पोती गोळा करायला देवगावला जायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. इतकी वर्षं त्या गावात जाऊन एकाही घरात ते जेवले नव्हते. आता बाईंनी चारचौघांत म्हटलं, त्यात बायामाणसाच्या तोंडून, तेव्हा मागं सरणं त्यांना जड गेलं. ते गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी नंतर आम्हाला स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, आणि सांगताना हात असे नाचवत होते की शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला.

बाईंच्या भावजयीनं पिठलं आणि ज्वारीच्या गरम भाकरी केल्या होत्या. मटणाचा विषयच काढला नव्हता, हलालचा प्रश्न येऊन रफिकभाईंना अवघड नको म्हणून. रफिकभाई ओसरीवर जेवायला बसणार, तर भाऊ म्हणाले आत चला, चुलीपाशी. ते आत गेले. ताटात पहिली भाकरी पडली, ती संपली. वहिनींनी दुसरी पुढं केली.

"मी म्हणलं, नक्को भाभी, बस," रफिकभाई सांगू लागले. "अन् भाभीनं भाकर उचलली की हो! सीधी टोपल्यात. झाकणबी टाकलं. मी बघत राह्यलो. सोचा, आता विचारल. आता विचारल. तुमच्या भावानं हात धुतले, अन् लागला कापसाच्या गप्पा मारायला. पोटात कावळे, अन् मी म्हणतोय, हौ हौ, भाव पडला म्हणून."

"मग?" बाई पुढं सरकल्या. निनादपुढं सरकल्या होत्या तशाच.

"मग काय. रातभर कूस बदलत. त्यांची ती टोपली समोरच फळीवर. सकाळी भाभी चुलीपाशी. मी दारात जाऊन उभा. शेवटी म्हणलं, भाभी, भूक लागली. बाई, त्या बाईनं काय केलं? रडायला लागली. म्हणे, भाऊ, मला ननंदबाईनं शपथ घातली व्हती, दुसऱ्यांदा विचारायचं नाय. माझा जीव तुटत व्हता रातभर. भाकरी तशाच ठेवल्यात, कुणाला शिवू दिल्या नाय."

किती भाकरी खाल्ल्या ते त्यांनी सांगितलं नाही. पण दुसऱ्या रात्रीही ते तिथंच राहिले, आणि त्या रात्री भाजीत तिखट कमी टाका असं त्यांनी आपणहून सांगितलं, हे त्यांनी आम्हाला छाती पुढं काढून ऐकवलं.

बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, "चूल कुठल्या बाजूला आहे आमच्याकडं?"

"दाराच्या उजव्या हाताला. खिडकी आहे वर, छोटी," रफिकभाई पटकन बोलून गेले आणि मग स्वतःशीच हसले. "बाई, मागता येतं. लाज वाटते, पण येतं. आता पोरीला पाठवा तिथंच."

सना गेली देवगावला. पहिले दोन दिवस तिच्याकडून काही नाही. बाई रोज संध्याकाळी भावजयीला फोन लावायच्या आणि फोन ठेवला की खिन्न व्हायच्या. एवढ्या मुलांच्या तालमी घेतल्या त्यांनी, पण इतक्या काळजीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "सर, ही नाय बोलली तर मी पाठवणार नाय हं," त्या म्हणाल्या. "फ्लेक्स गेला खड्ड्यात. दुसरा निनाद मला नको." तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्यांचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या, आणि मग व्हरांड्यात, मुलांच्या देखत, त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. सना म्हणाली होती, "मामी, माझ्या चहात साखर कमी आहे."

एवढंच. पण बाईंनी त्या दिवशी आख्ख्या स्टाफला चहा पाजला.

सना अमेरिकेतल्या एका लहानशा गावी गेली. त्या घरातल्या बाईंचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. सना शनिवारी दुकानात मदत करायची. तिनं पाठवलेला एक फोटो रफिकभाईंनी आम्हाला मोबाईलवर दाखवला होता. पोत्यांच्या थप्पीला टेकून सना उभी, हातात जाड मोजे, शेजारी ती धिप्पाड यजमानीणबाई कंबरेवर हात ठेवून. साळवे बाई फोटोत मागचं फडताळ, भिंतीवरचं घड्याळ, काउंटरवरचा कप बघत होत्या. रफिकभाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला तो पोत्यावर. "कागदाचं आहे हो! अन् शिलाई बघा, दुहेरी दोरा. आपल्याकडं असा दोरा घालायला परवडंल का?" पोरीकडं बघायचं राहूनच गेलं दोघांचं. मीच म्हटलं, सना जाड झालीय जरा. रफिकभाईंनी फोटो परत लहान केला आणि बराच वेळ बघत राहिले.

वर्षानं सना परत आली. रफिकभाईंनी दावत केली. मी, सुनंदा आणि बाई गेलो. बाई अर्थातच आधी आत, सनाच्या अम्मीपाशी. त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. दस्तरखान अंथरलं, बिर्याणी आली, आणि आम्ही कुणीच नको म्हणालो नाही. सना आता बोलत होती. हसत होती, दादीला चिडवत होती, माझ्या ताटात रायता वाढताना "सर, हो का नाही, लवकर सांगा" म्हणत होती. रफिकभाई तिच्याकडं असे बघत होते की पाहणाऱ्याचं मन भरून यावं.

जेवण होत आलं तेव्हा सना म्हणाली, "अब्बू, मला एक पाहिजे."

"बोल की, बेटा. काय पाहिजे?" रफिकभाई एकदम ताठ बसले. पोरीनं मागावं याचीच तर वाट बघत होता माणूस, तिच्या जन्मापासून. मोबाईल, लॅपटॉप, पुण्याचं कॉलेज, काहीही द्यायची त्यांची तयारी चेहऱ्यावर दिसत होती.

"मला दुकानात यायचंय. तुमच्यासोबत, लासूरला. सुट्टीत रोज."

रफिकभाईंचा हात ताटातच थांबला. "दुकानात? ते आडत बाजार आहे, बेटा. तिथं हमाल लोकं, गाडीवाले. तोंडात शिव्या. बायामाणसं येत नाय तिथं कुणी."

"मी तिथं पोती उचलली, अब्बू. गिऱ्हाइकांशी भांडले पण."

"ते अमेरिका आहे."

"आणि हे आपलं दुकान आहे."

अम्मीनं दादीकडं बघितलं. दादीनं पानाचा डबा उघडला आणि उगाचच सुपारी शोधू लागली. रफिकभाईंनी शेवटी बाईंकडं मान वळवली. "बाई, तुम्ही समजवा हिला. तुमचं ऐकते."

साळवे बाई ताटावरून उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. "मी कशाला? मागणारी पोरगी तुम्हाला पायजे व्हती, रफिकभाई. आता मागतीय, तर द्यायचं का नाय ते तुमच्या घरचं," असं म्हणून त्यांनी सनाच्या डोक्यावर हात ठेवला, अम्मीचा निरोप घेतला आणि चपला घालून सरळ खाली उतरल्या. आम्हाला मागं धावावं लागलं. रस्त्यावर मी त्यांना म्हटलं, बाई, थोडं बोलायचं होतंत. पोरगी तुमच्याकडं आशेनं बघत होती. त्या म्हणाल्या, "सर, मी बोलले असते तर तो हो म्हणाला असता. मग ते माझं झालं असतं, तिचं नाय." पण त्यांचा चेहरा उतरला होता. सातासमुद्रापार पोरगी पाठवणारा तो माणूस तिला तासाभराच्या आत पोचणाऱ्या लासूरला न्यायला कचरत होता, आणि मला त्याचं हसू येत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. पावसाळ्यात मुलीकडं नागपूरला गेल्या, आणि पुढच्या वर्षी तिकडूनच त्या गेल्याची बातमी आली. आजारी होत्या हे त्यांनी आम्हाला कळवलं नव्हतं. मला त्यांची फार आठवण येते. कुणाच्याही घरी गेलो की आता मी स्वयंपाकघराकडं मान वाकवून बघतो आणि सुनंदा मला कोपरानं ढोसते.

पण त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन नागपूरचं नाही. त्या नागपूरला जायच्या थोडे दिवस आधीचं, इथल्या रेल्वे स्टेशनवरचं आहे. माझ्या बहिणीला सकाळच्या गाडीत बसवून मी परत निघालो होतो, तर फलाटावरच्या एका खांबाआड साळवे बाई उभ्या. हातात पिशवी नाही, काही नाही. गारखेड्याहून एवढ्या सकाळी रिक्षा करून आलेल्या. मी हाक मारणार, तोच त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"कुठं निघालात?"

"कुठं नाय. बघायला येते. रोज येते हल्ली." त्यांनी माझी बाही धरून मला खांबाआड ओढलं. "ते बघा. तिकीटखिडकी."

खिडकीसमोर रांग होती. रांगेत रफिकभाई उभे होते, डबा काखेत.

"लासूरला निघालेत," मी म्हटलं. "रोजच जातात की."

"अहो सर, त्याच्याकडं पास आहे!" बाई कुजबुजल्या, आणि त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. "पास असलेला माणूस तिकिटाच्या रांगेत कशाला उभा राहील?"

मग मला सना दिसली. बाकड्याशेजारी उभी, ओढणी पिन लावून घट्ट बसवलेली, पायात बूट. रफिकभाई तिकीट घेऊन आले, ते त्यांनी खिशात ठेवलं नाही, तिच्या हातात दिलं. गाडी लागली. ते आधी चढले, मग हात पुढं केला, पण सना तोवर आपली आपण चढली होती. खिडकीतून तिचा चेहरा क्षणभर दिसला आणि गाडी हलली.

फलाट रिकामा झाला. बाई खांबाआडून बाहेर आल्या आणि गाडी गेली तिकडं बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मी म्हटलं, चला बाई, सोडतो तुम्हाला घरी.

"थांबा हो सर," त्या रुळांवरची नजर न काढता म्हणाल्या. "लासूर येऊ द्या."